पाणी ओसरल्यावर काय उरतं? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, दरड, भूकंप, वायुगळती यांची बातमी आठवडाभर चालते. परिणाम मात्र भिंतीत, विहिरीत, सातबाऱ्यावर आणि फुप्फुसांत कितीतरी वर्षं राहतात. पुणे आणि आसपासच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. पुराविषयीची उत्तरं मोठी आहेत, कारण या शहराला सगळ्यांत जास्त वेळा गाठतो तो पूरच.

पानशेतला साठ वर्षं उलटून गेली. त्याचा आजच्या पुण्याशी काय संबंध?

आजचं पुणे बऱ्याच अंशी त्या पुरानंतर आकाराला आलं. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटलं आणि त्याच दिवशी खालचं खडकवासला धरणही गेलं. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले. शहराच्या नळांची भिस्त ज्या तलावावर होती, तो तलावच रिकामा झाला. म्हणजे घरात चिखल, आणि तो धुवायला पाणी नाही.

पूरग्रस्तांना वसवायला गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर असे भाग उभे राहिले. गोखलेनगरच्या अर्धगोल छपरांच्या घरांवरून कितीतरी पुणेकर तो भाग ओळखायचे. पेठेत एका वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं राहत होती, ती शहरभर विखुरली. जागा मिळाली, पण ती स्वतःच्या नावावर होण्याचा प्रश्न पूरग्रस्तांच्या गृहनिर्माण संस्थांना पुढे कित्येक दशकं पुरला. ज्यांनी पूर पाहिला त्यांच्या नातवंडांनी भाडेपट्ट्याच्या फायली हाताळल्या. पाणी एका दिवसात आलं-गेलं, कागद दोन पिढ्या चालला. म्हणूनच पुढच्या उत्तरांत पंचनामा, पावत्या, दाखले यांचा उल्लेख सारखा येईल.

पानशेत नेमकं का फुटलं? पाऊस फार झाला म्हणून?

पाऊस होताच, पण तेवढ्यानं धरण फुटत नाही. पानशेत हे मातीचं धरण, आणि काम पुरं व्हायच्या आत त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचं बांधकाम अपुरं होतं. जिथे लोखंडी सळई घालून काँक्रीट करायला हवं होतं, तिथे साधे ठोकळे होते. अर्धवट उघड्या दारातून पाणी जोरात निघालं, मोरीला हादरे बसत राहिले, वरचा भराव खचला आणि धरणाचा माथा त्या जागी खाली बसला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो माथा सांभाळायचा प्रयत्न केला. त्यांनी मिळवलेल्या तासांमुळे धरण मध्यरात्री नव्हे, उजेडी फुटलं. मातीच्या भरावावरून पाणी एकदा वाहायला लागलं की ते स्वतःच वाट कापत जातं, मग थांबवता येत नाही.

भरावाचं धरण, पाझर तलाव, अगदी गावतळं असलं तरी यातून घ्यायचा धडा एकच: मोरीजवळ गढूळ पाणी झिरपताना दिसलं तर ते माती वाहून नेत आहे. स्वच्छ झिरपा बहुतेक वेळा चालतो. गढूळ झिरपा दिसला तर त्याच तासाला पाटबंधारे खात्याला आणि तहसील कार्यालयाला कळवायचं.

आता धरणं पक्की आहेत. मग दर दोन-तीन वर्षांनी घरात पाणी का शिरतं?

आकडे बघा. पानशेतची साठवण १०.६५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), वरसगावची १२.८२, टेमघरची ३.७१. या तिन्हींचं पाणी ज्यात उतरतं त्या खडकवासल्याची फक्त १.९७. खडकवासला हे प्रत्यक्षात साठवणीपेक्षा वाटेतलं भांडं आहे. घाटमाथ्यावर मुसळधार झाली की ते काही तासांत भरतं आणि आलेलं पाणी मुठेत सोडावंच लागतं. ३५,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. या वेगानं एक टीएमसी पाणी सुमारे ८ तासांत वाहून जातं. २५ जुलै २०२४ ला विसर्ग याच आकड्याच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली.

दुसरा प्रकार ओढ्यांचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत जो पूर आणला, त्यात कोणत्याही मोठ्या धरणाचा हात नव्हता. डोंगरउतार बांधकामानं झाकले गेले, ओढ्याचं पात्र अरुंद झालं, भिंती आडव्या आल्या आणि ढगफुटीसारखा पाऊस झाला. नदीच्या पुराआधी विसर्गाचा इशारा मिळतो, काही तास हाती असतात. ओढ्याच्या पुरात वीस मिनिटंही मिळत नाहीत. ओढ्याकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी रात्रीच्या जोरदार पावसात वरच्या मजल्यावर झोपायची सोय आधीच बोलून ठेवावी.

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय? फ्लॅट घेताना कुठे बघायचं?

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांत एकदाच्या पुराची. पुण्यात मुठेसाठी साधारण ६०,००० आणि १ लाख क्युसेक असे आकडे धरले जातात. "शंभर वर्षांत एकदा" याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या काळात असा पूर बघायची शक्यता जवळपास १८ टक्के होते. एवढी जोखीम फुकटात कोणी घेऊ नये.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. पात्रात भराव पडला, पूल आणि रस्ते आले की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. त्यामुळे नकाशावरची रेषा हा किमान धोका समजा.

करायचं असं: विकास आराखड्याचा झोन दाखला काढा आणि त्यात पूररेषेचा उल्लेख मागा. बांधकामाचा मंजूर नकाशा बघा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. दोन्ही रेषांमध्ये असेल तर जोत्याची उंची किती धरली आहे ते वाचा. मग शेजारच्या जुन्या सोसायटीत जाऊन वॉचमनकाकांना विचारा की २०१९ ला आणि २०२४ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. कंपाउंडच्या भिंतीवरचा डाग बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा खरं सांगतो. पार्किंग तळघरात असेल तर पंप कुठे बसवलाय आणि त्याला जनरेटरची जोड आहे का, हेही बघा. तळघरातल्याच पॅनलवर चालणारा पंप नेमका गरजेच्या वेळी बंद पडतो.

पाणी वाढतंय, घरात शिरेल असं दिसतंय. पहिलं काम कोणतं?

मुख्य स्विच बंद करणं. हात कोरडे हवेत, पाय कोरड्या जागी हवेत. बोर्डापर्यंत पाणी पोचलं असेल तर त्याला हात लावू नका, महावितरणला सांगून फीडर बंद करायला लावा. २०२४ च्या पुरात डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्यानं जीव गेला. पुराच्या पाण्यात बुडून मरण येतं हे सगळ्यांना माहीत असतं, विजेचं कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर बांधून ठेवा, नाहीतर तो तरंगत जातो. औषधं, कागदांची पिशवी, चार्जर, दोन दिवसांचं पिण्याचं पाणी वर न्या. संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी घट्ट बसवा. बऱ्याच घरांत पाणी दारातून शिरायच्या आधी ड्रेनेजमधून उलटं येतं.

पाणी ओसरलं. साफसफाई लगेच सुरू करायची का?

आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे, शेजारी मोजपट्टी धरून, प्रत्येक खोलीत. मीटर, फ्रीज, धान्याचे डबे, सगळ्याचे. मॉडेल नंबर वाचता येतील असे. मग पंचनाम्यासाठी महसूल कार्यालयात नाव नोंदवा. पंचनामा करणाऱ्यांसमोर स्वतः हजर राहा. पाण्याची उंची, पाणी किती तास होतं, नुकसानीची यादी हे तिन्ही लिहिलं गेलं आहे ना ते वाचूनच सही करा आणि त्याचाही फोटो घ्या. भाडेकरूंनी भाडेकरार आणि वीजबिल जवळ ठेवावं. घरमालकाच्या नावावर पंचनामा होऊन भाडेकरूचं सामान कागदावर उरतच नाही, असं फार वेळा घडतं.

गाळ मात्र ओला असतानाच काढायचा. वाळला की तो सिमेंटसारखा धरतो आणि झाडताना त्याची धूळ श्वासात जाते. मुठेच्या गाळात सांडपाणी असतं. गमबूट, रबरी हातमोजे, अंगावर जखम असेल तर पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच. फावड्यानं गाळ, मग पाणी, मग साबण, आणि शेवटी जंतुनाशक. चिखलावर फिनेल ओतून काही होत नाही, चिखल ते पिऊन टाकतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

वीज कधी सुरू करायची?

परवानाधारक वायरमननं तपासल्याशिवाय नाही. पाण्याखाली गेलेले स्विच, सॉकेट, एमसीबी (बोर्डातले आपोआप पडणारे स्विच) वाळवून वापरू नका, बदला. आत गाळाचा पातळ थर राहतो आणि तो पुढच्या दमट दिवशी वीज वाहतो. वायरिंगची मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं, चाचणी करून घ्या. इन्सुलेशनचा रोध एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती वायर काढायची. खर्च होणारच आहे, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विचही बसवून घ्या आणि सॉकेट जुन्या पाणरेघेच्या वर न्या.

सोसायटीची जमिनीतली टाकी बुडाली होती. पाणी कधी पिता येईल?

टाकी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा, तेही पाणी उपसा. टाकीत उतरणारा माणूस एकटा नको आणि झाकण आधी तासभर उघडं हवं. नंतर टाकी स्वच्छ पाण्यानं भरून हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका. पावडरीत ३३ टक्के क्लोरीन धरलं तर हे लिटरला ५० मिलिग्रॅम होतं. म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला दीड किलो. उघड्या पोत्यातली पावडर महिन्याभरात उतरते, ती २५ टक्क्यांवर आली असेल तर २०० ग्रॅम लागतील. पावडर थेट ओतायची नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ टाकीत घाला. हे पाणी वरच्या टाकीत चढवून घरोघरचे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बारा तास तसंच राहू द्या. मग सगळं सोडून द्या आणि टाकी नव्यानं भरा.

नेहमीची चूक इथेच होते: खालची टाकी धुतली जाते आणि पाइप तसेच राहतात. नव्या पाण्यात नळाशी ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसेपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. बोअरवेलच्या तोंडावरून पाणी गेलं असेल तर त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

भिंतींना रंग कधी द्यायचा? दिवाळीपर्यंत होईल?

घाई करू नका, बहुतेक घरांत नाही होणार. वीट पाणी वर ओढते, म्हणून ओल पाणरेघेच्या दोन-तीन फूट वर असते. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून महिनोन् महिने ओली राहते. प्लॅस्टर फुगलं असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर रेघेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत ते उतरवा आणि विटा उघड्या राहू द्या. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर रंग नाही. वॉटरप्रूफ रंग किंवा टाइल लावून ओल कोंडू नका. ती दुसऱ्या बाजूनं शेजाऱ्याच्या भिंतीत निघते आणि लोणा धरतो. एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं फर्निचर गेलं असं समजा. सागवानी सावलीत वाळवलं तर वाचतं. गाद्या टाकून द्या.

आमचा वाडा जुना आहे. पाणी गेलं, भिंत उभी आहे. राहायला जायचं?

लगेच नाही. मातीच्या भिंती पुष्कळदा पुरात नव्हे, पूर ओसरल्यावर पडतात. पाणी असताना त्याचा दोन्ही बाजूंनी आधार असतो. पाणी उतरलं की भिजून जड झालेली भिंत स्वतःच्याच ओझ्यानं बसते. लाकडी खांबांचे पाय जोत्याच्या दगडावर पूर्वीसारखे टेकलेत का, तुळया खाली झुकल्यात का, दारं अडकायला लागलीत का, हे बघा. तड्यावर काचेची पट्टी चुन्यानं बसवून तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल येईपर्यंत खालच्या खणांत झोपू नका.

भिजलेली कागदपत्रं उन्हात वाळवली तर चालतील?

नको. ती वाकतात, शाई उडते, पानं चिकटतात. चिखल लागला असेल तर कागद पसरट ताटात स्वच्छ पाण्यातून हळूच काढा, पानांमध्ये कोरा टिपकागद घाला आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. ढीग मोठा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका. बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक काढून वाळवता येतो. गेलेल्या कागदांपैकी खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, मिळकत पत्रिका भूमी अभिलेखकडून.

गाडी बुडाली होती.

सुरू करू नका. चावीही फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन तुम्ही सुरू केल्यामुळे बिघडलं असं म्हणत विमा कंपनी दावा कापते. बॅटरी सोडवून गाडी ओढून न्या.

घराच्या विम्यात पूर धरला जातो का?

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तीत पूर, भूकंप, दरड हे सगळं येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. हे माहीत नसल्यानं लोक सामानाचा दावाच करत नाहीत. बँकेनं कर्जासोबत पॉलिसी दिली असेल तर तिची प्रत आजच मागून घ्या. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भंगार विकू नका.

पुरानंतर आठवड्याभरानं ताप आला तर?

चिखलात पाय घातल्याचं डॉक्टरांना न विचारता सांगा. दूषित चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतो: ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल. सुरुवातीला साध्या प्रतिजैविकानं तो आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत धरतो. आणखी दोन-तीन आठवड्यांनी साठलेल्या पाण्यातले डास डेंगी घेऊन येतात.

माळीणसारखी दरड आधी ओळखता येते?

पुष्कळदा खुणा असतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळच्या वेळी डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. सह्याद्रीत कातळावर मुरूम आणि मातीचा थर असतो. दिवसेंदिवस पाऊस मुरला की तो थर जड होतो आणि कातळावरून घसरतो. उतारावर चंद्रकोरीसारखी नवी भेग, खांब किंवा झाडं कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, घराची दारं अडकणं, यातलं एक जरी दिसलं तरी मुसळधार पावसात तिथे रात्र काढू नका. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती मातीनं बुजवून वरून ताडपत्री टाकतात. तेवढ्यावर विसंबून राहायचं नाही.

माळीणचा पुढचा भागही तितकाच शिकवणारा आहे. आमडे इथे नवं गाव वसलं, एप्रिल २०१७ मध्ये घरं दिली गेली, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे रस्ते खचले, तडे गेले. उतार कापून केलेला भराव पुरेसा बसलेला नसतो. भरावाला थराथरानं दाबणं आणि किमान एक-दोन पावसाळे बघू देणं याला पर्याय नाही. पण बेघर माणसं तेवढं थांबू शकत नाहीत, म्हणून तात्पुरता निवाराही चांगला बांधावा लागतो. पुनर्वसनात याच खर्चाला कात्री लागते.

पुण्याला भूकंपाचा धोका किती?

मध्यम, देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात पुणे झोन ३ मध्ये येतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे, आणि तिथे आजही धक्के बसतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे ३.५६ ला ६.२ तीव्रतेच्या धक्क्यानं हजारो माणसं मेली. मोठा भूकंप होणार नाही असं नकाशा सांगत होता त्या भागात. मारलं ते चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्यानं. त्यानंतर देशाच्या नकाशातून सगळ्यांत कमी धोक्याचा झोन १ काढून टाकला गेला. किल्लारी परिसरातली बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्यात वाघोलीला आणली होती. शाळा तुटू न देणं हा भूकंपानंतरच्या मदतीतला फार दूर पोचणारा भाग आहे.

तुमच्या इमारतीपुरतं सांगायचं तर तळमजल्यावर नुसते खांब आणि पार्किंग असेल, तर तिथल्या भिंती किंवा खांब कुणालाही फोडू देऊ नका.

भोपाळसारखं इथे होऊ शकतं? गळती झाली तर काय करायचं?

तोच वायू नसेल, पण जलशुद्धीकरण केंद्रांत क्लोरीन, शीतगृहांत अमोनिया, कुरकुंभसारख्या वसाहतींत अनेक रसायनं आहेत. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी रसायनाच्या टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरलं आणि मध्यरात्रीनंतर वायू बाहेर पडला. थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू धुणारा मनोरा आणि जाळणारी चिमणी दोन्ही कामाचे नव्हते. एकेक सुरक्षा खर्च वाचवायला बंद ठेवली की शेवटी एकही उरत नाही. वायूखेरीज कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा भूजलात झिरपत राहिला. त्यातला ३३७ टन कचरा तिथून हलायला २०२५ साल उजाडलं.

गळतीत वाऱ्याच्या दिशेनं पळू नका. झेंडा, धूर, झाडं बघून वाऱ्याला आडवे जा. क्लोरीन जड आहे, तो तळघरात आणि खड्ड्यात साठतो, म्हणून वर चढा. निघणं शक्य नसेल तर खिडक्या बंद, एसी बंद, फटींत ओले कपडे, नाकावर ओला रुमाल. डोळे पंधरा मिनिटं धुवा. मदतीसाठी ११२.

आणि हे आधीच करा: १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे मोठ्या धोक्याच्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी आवारात रंगीत तालीम घ्यावी लागते, आवाराबाहेरची वर्षातून एकदा. आसपासच्यांना काय धोका आणि काय करायचं ते सांगणंही बंधनकारक आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात मागील तीन तालमींचे अहवाल मागा. अर्जाचे दहा रुपये लागतात.

भरपाईसाठी मुदत असते का?

असते, आणि ती निघून जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरणीय हानीच्या भरपाईचा अर्ज पाच वर्षांत करावा लागतो. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जाचीही मुदत पाच वर्षंच. या कायद्यात कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. फुप्फुसाचा त्रास मात्र हळूहळू वाढतो. म्हणून घटनेनंतर आठवड्यात सरकारी रुग्णालयात नोंद करा, केसपेपरवर "वायुगळतीनंतर" हे शब्द लिहून घ्या, आणि दरवर्षी फुप्फुसाची क्षमता तपासून अहवाल जपा.

पाऊस सुरू झाला की आई झोपत नाही. मुलगा शाळेत जायला घाबरतो. हे कधी जाईल?

बहुतेकांचं पहिल्या महिन्यात उतरत जातं. रोजचा क्रम लवकर सुरू करा: त्याच वेळेला जेवण, शाळा, शेजाऱ्यांकडे जाणं-येणं. मुलाला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, तो सांगू लागला तर थांबवूही नका. आईला "विसर आता" म्हणण्यापेक्षा विसर्गाचा आकडा फोनवर बघून तिला सांगा, पिशवी कुठे भरून ठेवली आहे ते दाखवा. महिन्यानंतरही झोप नसेल, दचकणं, चिडणं, दारू वाढत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.